टेकडीवरचा पहिला दगड

रविवारी टेकडीवर पालकांना आणि मुलांना किडे-झाडं दाखवणाऱ्या त्या गृहस्थांचा मला संशयच आला. त्यांनी उचललेल्या पहिल्याच दगडाखाली विंचू निघाला!

"आधीच आणून ठेवला असणार," मी मुलीच्या कानात म्हणालो. तिचा चेहरा उतरला. खात्रीसाठी मी काठीने सात दगड उलटवले. एकाखालीही काही नव्हतं.

"अहो, विंचू तिथे आहे हे आपल्याला ठाऊक होतं ना?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"होतं की. दोन महिने तिथेच राहतोय." त्यांनी दगड दोन्ही हातांनी अलगद जुन्याच खाचेत बसवला. "दगड होता तसा ठेवला, की तो राहतो. आपले सात मात्र उताणे पडलेत."

मी वळून पाहिलं. मुलगी त्या सातांतला पहिला दगड सरळ करत होती.