हापशाचं लाल पाणी

चिखलीच्या आमच्या घरात मुलाने पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं आहे. सॉफ्टनर म्हणतात त्याला. दर महिन्याला त्यात मीठ भरायचं आणि मीठ खाऊन त्याने गोडं पाणी द्यायचं, असा त्याचा उफराटा कारभार. गेल्या वर्षात ते तिसऱ्यांदा बंद पडलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने झाकण काढून आतले पाणी मऊ करणारे दाणे मला तळहातावर दाखवले. मूळचे मधाच्या रंगाचे असतात म्हणे, आमचे विटकरीसारखे झाले होते. "बोअरच्या पाण्यात लोखंड आहे, काकू. त्यानेच मशीन जाम झालं. असं लाल पाणी आता कोणी वापरत नाही," तो म्हणाला.

बोलणं साधंच होतं, पण माझं डोकं फिरलं. "मी चार वर्षं प्यायले आहे. मेले नाही," मी म्हटलं. तो हसला आणि पाना उचलून कामाला लागला. मी आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. लाल पाण्याला कोणी नावं ठेवली की मला अजून राग येतो. आणि त्या पाण्याला सगळ्यात जास्त नावं मीच ठेवली होती.

माझं माहेर सोनाळ्याच्या खालच्या अंगाला, खाऱ्या पट्ट्यातलं लहानसं गाव. गोड्या पाण्याची विहीर गावात एकच. आमच्या वस्तीतल्या बायांना तिच्या काठावर चढता येत नसे. खाली घागर मांडून उभं राहायचं. वर पाणी ओढणाऱ्या एखाद्या बाईच्या मनात आलं की ती वरून ओतणार. तिचं भांडं आमच्या घागरीला लागू नये म्हणून धार उंचावरून. निम्मं पाणी घागरीत, निम्मं पायांवर. आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला तेव्हा मी मायच्या कडेवर होते. त्याच साली मायने आणि वस्तीतल्या बायांनी ठरवलं, की आता त्या विहिरीखाली उभं राहायचं नाही.

मग नाल्यात झिरा खणायचा. वाळूत खड्डा करून पाझरेल तेवढं पाणी वाटीने घागरीत भरायचं. एक घागर भरायला सकाळ जायची. पुढे बाप गेला, माय एकटी मजुरीला जाऊ लागली, तरी ती विहिरीकडे फिरकली नाही. उन्हाळ्यात झिरा आटला की पार दुसऱ्या गावच्या शिवारातून पाणी आणायची. मला तिने त्या विहिरीची पायरीसुद्धा कधी दाखवली नाही.

मोठ्या दुष्काळानंतर आमच्या वस्तीत बोरिंगची गाडी आली आणि हापसा बसला. अगदी वस्तीच्या मधोमध, आमच्या दारापासून वीस पावलांवर. पहिल्या दिवशी मायने दांडा धरला तो सोडेचना. घरातली सगळी भांडी भरली, शेजारणीची भरली, मग नुसतंच पाणी काढून ते वाहताना बघत बसली. एवढी हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोन-तीन महिन्यांतच पाण्याने रंग दाखवला. वर यायचं तेव्हा निर्मळ असायचं, पण घागरीत तासभर राहिलं की तांबूस व्हायचं आणि दुपारपर्यंत तळाशी लाल गाळ बसायचा. शिवाय जडही इतकं, की तुरीची डाळ शिजता शिजत नसे. माय चिमूटभर पापडखार टाकायची, मग डाळ शिजायची पण चव जायची. साबणाला फेस येत नसे, नुसत्या गुठळ्या. हापशाखालचा फरशी दगड लालभडक झाला. दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलं म्हणून मायने कोळसा आणि वाळू भरून एकावर एक तीन मडकी रचली. रंग जरा उतरायचा, पण आठवड्यात वाळू तुंबायची आणि ती धुवायला पुन्हा तेच लाल पाणी.

पौर्णिमेला विहारात नेसायचं मायचं एक पांढरं लुगडं होतं. चार धुण्यांत ते तांबूस झालं. ती तेच नेसून वंदनेला बसायची. गावातल्या एका बाईने मायला बाजारात टोमणा मारला, "तुमच्याकडं कुंकवाचं पाणी लागलं म्हणे." माय म्हणाली, "लागलं ना. पण आमच्या हातानं काढतो." घरी येऊन तिने ते मला दोनदा सांगितलं. त्या पाण्याबद्दल वाकडा शब्द तिला खपत नसे. "लाल व्हायच्या आधी प्या," एवढंच म्हणायची.

पण चहाचं काय करणार? त्या पाण्यात चहाची पत्ती पडली की पाणी शाईसारखं काळं व्हायचं. दूध घातलं की राखाडी. घरच्यांना सवय झाली होती, पाहुण्यांना कशी असणार? मला पाहायला पहिले पाहुणे आले तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईने कप नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. पुढे त्यांचा निरोप आलाच नाही. नकार चहामुळे आला की माझ्या काळ्या रंगामुळे, कोण जाणे. मी मात्र तो चहाच्या माथी मारला.

दुसरं स्थळ जानेफळच्या बाजूच्या एका खेड्यातलं आलं. मुलगा एस.टी.त कंडक्टर. फोटो पाहिला आणि मला तो आवडला. सरळ सांगायचं तर मला दुसरं काही सुचेनासं झालं. पाहुणे येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी माय डाळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, "हापशाच्या पाण्याचा चहा घेऊन मी त्यायच्यासमोर जात नाही."

"काऊन? पाणी पाण्यासारखं आहे," माय म्हणाली.

"तुले आहे पाण्यासारखं. तुह्या त्या हापशापायी मी याच घरात म्हातारी होईन."

मायने वर पाहिलं नाही. सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला, मग दुसरा काढला. मी जिंकले असं मला वाटलं.

सकाळी जाग आली तेव्हा ती अंगणात पितळी घागर चिंचेने घासत होती. आतलं लाल कडं निघेपर्यंत तिने घासली. मग चुंबळ डोक्यावर ठेवली आणि नाल्याची वाट सोडून गावाकडे वळली. कुठे चालली हे मला त्याच क्षणी कळलं. मी हाक मारू शकत होते. मी मारली नाही. मागोमाग गेले आणि बाभळीपाशी थांबले.

विहिरीवर मोठ्या घरची थोरली सून पाणी ओढत होती. मायपेक्षा वयाने लहान. माय घागर खाली ठेवून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी राहिली. त्या बाईने लगेच ओतायला घेतलं. बरोबर पाणी ओढायला आलेल्या दुसऱ्या बाईला थांबवून आधी मायला दिलं, हेही सांगायला हवं. ओतता ओतता ती म्हणाली, "आली का वं शेवटी? मले वाटलंच होतं. ते लाल पाणी किती दिवस पिशीन?"

तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, असलीच तर माया होती. मायने घागर उचलून डोक्यावर घेतली आणि माझ्या समोरून, मी दिसलेच नाही अशी, निघून गेली. तिचे पाय पोटरीपर्यंत भिजले होते. वाटेतल्या मातीवर ओली पावलं उमटली होती, त्यांच्यावरून मी मागे मागे घरी आले.

पाहुणे दहाच्या सुमारास आले, तीन जण. मुलाचे वडील उंच, वाळकुडे, पांढऱ्या मिशांचे. पाय धुवायला पाणी ठेवलं होतं, पण ते म्हणाले, "हापसा आहे ना," आणि सरळ तिकडे गेले. स्वतः दांडा मारला. पाठमोरे वाकून बराच वेळ तिथेच होते. मी खिडकीतून बघत होते, आणि लाल दगड त्यांच्या पायाखालीच होता. मग घरात आले, गडव्यातलं पाणी प्याले. चहा लाल-पिवळा, बाजारातल्यासारखा सुरेख झाला होता. त्यांनी तो बशीत ओतून निवांत घेतला. आठ दिवसांत होकाराचं पत्र आलं. मी मायच्या गळ्यात पडले. "पाहा, झालं ना?" असंही म्हटलं असेन. म्हटलंच.

सासरच्या गावात वस्तीला अजून हापसा नव्हता, आणि तिथल्या बायांनी विहीर सोडलेली नव्हती. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी घागर घेऊन त्या विहिरीखाली उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा. वरून धार आली, निम्मं पाणी पायांवर पडलं. पाणी गारच होतं, पण माझी मान वर होईना. तिथे मला मायचे भिजलेले पाय आठवले.

घरी आले तेव्हा सासरे ओसरीवर दोर वळत बसले होते. माझ्या पायांकडे पाहून त्यांनी हात थांबवला. म्हणाले, "पोरी, तुह्या मायनं त्या दिवशी आमाले विहिरीचं पाणी पाजलं."

मी विचारलं, "तुमाले कसं कळलं, मामाजी?"

"हापशावर पाय धुतले ना, तवा वंजळभर पेलो होतो. त्याची चव अलग, घरातल्या पाण्याची अलग. हापशाच्या पाण्याले लोखंडाचा वास होता. पण कोणी वरून ओतलं नव्हतं." मग म्हणाले, "आपल्या वस्तीतला आपला हापसा पाह्याचा म्हणून तं तिघं आलो होतो आमी. एकाच्यानं काम झालं असतं. सोयरीक मी तिथंच पक्की केली होती, चहा तं मागून आला. त्या माउलीनं कायले तरास घेतला."

ते पुन्हा दोर वळू लागले. मी घागर आत नेऊन ठेवली आणि चुलीकडे तोंड करून रडले. नवी सून माहेरच्या आठवणीने रडते आहे असं समजून सासूने मला गूळ-पोळी करून घातली. मी ती खाल्लीही.

मायला मी हे कधी सांगितलं नाही. दरवेळी माहेरी जाताना ठरवायची आणि तिथे गेल्यावर तोंड उघडत नसे. त्या दिवसानंतर ती विहिरीवर पुन्हा कधी गेली नाही, गावात होती तोवर हापशाचंच पाणी प्यायली. पण हापशाबद्दल बढाई मारणंही तिने सोडलं. कोणी पाण्याला हसलं तर ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. हे माझ्यामुळे झालं, हे मला ठाऊक आहे.

शेवटच्या दुखण्यात मी तिला चिखलीला आणलं होतं. एका दुपारी मी तिचे पाय चेपत बसले होते. डोळे मिटूनच ती एकदम म्हणाली, "त्या दिवशी मी विहिरीवर गेली नसती तं तुह्यं जमलं नसतं. नाही वं?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच विचारायचं होतं. इतकी वर्षं ती हेच मनात धरून बसली होती.

"नसतं जमलं, माय," मी म्हटलं.

"मंग ठीक आहे," ती म्हणाली, आणि पाय चेपून घ्यायला तिने कूस बदलली.