नऊ रेघा, सहा क्लास

“कॉन्व्हेंटवालीला मराठीत मोजायला सांग रे, सहाचे आपोआप नऊ होतील.”

आमचे टीम लीडर शेजारच्या टेबलाकडे वाकून म्हणाले. दोघं हसले. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

स्क्रीनवर माझं डिझाइन होतं. न्हावा शेवा बंदराच्या यार्डात कंटेनर कुठे ठेवायचा, कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर. चौकोन म्हणजे क्लास, म्हणजे कंटेनर, ट्रक, जहाज असा वस्तूंचा एकेक प्रकार; रेघा म्हणजे त्यांची आपसातली नाती. एका क्लासला सहापेक्षा जास्त क्लास जोडलेले निघाले तर डिझाइन नापास, असा आमच्याकडे नियम. नापास झालं की ते दुसऱ्याच्या हातात आणि मी परत टेस्टिंगला. तिथून सुटायला मला दोन वर्षं लागली होती.

कंटेनरला जोडलेले क्लास मी सहा मोजले होते, टीम लीडरनी नऊ. ते रेघा मोजत होते. आणणारा ट्रक, नेणारा ट्रक, अशा दोन रेघा एकाच ट्रक क्लासकडे जात होत्या. त्यांच्या हिशेबी ट्रक दोन. जहाजाचं तसंच, जागेचंही तसंच.

हा घोळ होणार हे मला माहीत होतं. म्हणूनच महिनाभर आधी मी मोजणीची व्याख्या गणिताच्या भाषेत लिहून दिली होती: जोडलेल्या इतर क्लासचा संच घ्या आणि त्यातले घटक मोजा. संचात एक गोष्ट एकदाच येते. मग कोणीही मोजलं तरी आकडा तोच. त्यांनी पान न उलटता कागद परत केले. “अगं, मोजायला व्याख्या कशाला? डोळे हायत ना?”

राग आला की मला इंग्रजीच सुचतं. आणि इंग्रजीत बोललं की ऐकावं लागतं, ‘मॅडम डोक्यावर चढल्या.’ म्हणून मी गिळते. किती दिवस गिळते आहे.

मीटिंगमध्ये त्यांनी माझ्या डिझाइनवर लाल पेनाने ‘९’ लिहिला, त्याला गोल केला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “हो मामा, या ना. जेवायलाच या संध्याकाळी.” मामाचीच मुलगी केलीय, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. “हां, बोला मॅडम. मराठीत हं.”

मी त्या लाल ‘९’वर बोट ठेवलं.

“सर, मामाच तुमचे सासरे आहेत ना? मग संध्याकाळी त्यांना दोन पानं वाढणार का?”