देवकाबाईची रिकामी टोपली

आमच्या गावात बाईला रस्त्यानं चालायचं असेल तर तिच्या डोक्यावर, कमरेवर नाहीतर हातात काहीतरी असावं लागतं. धानाचा भारा चालतो, पाण्याची गुंडी चालते, काड्यांची मोळी चालते, शेतावर न्यायचा डबा चालतो. रिकाम्या हातानं चालणारी बाई दिसली की गावाच्या पोटात दुखू लागतं. कुठं चालली, कशाला चालली, घरी भांडण झालं का, सुनेनं हाकललं का? पुरुष मात्र दात कोरत तासतासभर तलावाच्या पाळीवर हिंडतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर जन्मभर होत आलं, पण दिसलं मात्र गेल्या हिवाळ्यात, देवकामावशीमुळे. मला त्याचा राग गावावर येतो, तसा स्वतःवरही येतो.

देवकाबाई आमच्या मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यात माझ्या घराला लागून राहते. मी राखी, गावातल्या अंगणवाडीची सेविका. मी तिला मावशी म्हणते, नात्यानं ती कोणी नाही. तीस वर्षं या बाईनं डोक्यावर मासोळ्यांची टोपली घेऊन अड्याळचा बाजार केला. पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं, टोपलीतलं पाणी कानामागून पाठीवर गळत राहायचं. नवरा लवकर गेला, त्या टोपलीवरच तिनं लिलाधरला वाढवलं. मग लिलाधरनं मोटारसायकल घेतली, मागे थर्माकोलचा डबा बांधला आणि आईला म्हणाला, आता तू बस घरी.

मावशी बसली. पण बसावं तरी किती? सकाळी खाटेवर, दुपारी ओसरीत, संध्याकाळी टीव्हीपुढे. चहात तीन चमचे साखर आणि चहाला काही वेळकाळ नाही. पाचेक वर्षांत तिच्या बांगड्या हातातून निघेनाशा झाल्या. खोटं कशाला बोलू, ती आळशी झाली होती. आणि हे मी तिला खुर्चीवर बसून, बिस्किट खात सांगत होते.

एक काम तिनं सोडलं नव्हतं, ते जाळ्याचं. फाटलेलं जाळं सांधावं तर देवकाबाईनं, असं तलावापलीकडच्या गावचे लोकही म्हणायचे. नायलॉनचा बारीक दोरा, बोटभर लाकडी सुई, आणि गाठ अशी की ओढली तरी सरकत नाही. मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. दिवाळीच्या आधी तिनं सांधलेल्या जाळ्यातून लिलाधरचे दोन मोठे रोहू निसटले, कारण चार ठिकाणी गाठी पडल्याच नव्हत्या. सून खुशबू गुपचूप जाळं उसवून पुन्हा सांधायला बसली. मावशीनं ते ऐकलं, दिसलं नसलं तरी. त्या दिवशी ती जेवली नाही.

भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासलं. साखर तीनशे चाळीस निघाली. डॉक्टर म्हणाले, दोनशेच्या आत आणा, मग ऑपरेशन करू, त्याआधी डोळ्याला हात लावणार नाही. गोळ्या वेळेवर घ्या, गोड सोडा आणि रोज तासभर चाला. शिवरात्रीनंतर पुन्हा या म्हणाले. परत येताना एसटीत मावशी मला म्हणाली की तीस वर्षं चालली, त्यातलं थोडं शिल्लक धरत नाहीत का हे लोक?

मग सुरू झालं आमचं उद्यापासून. सोमवारी उपास होता, मंगळवारी टाच दुखत होती, बुधवारी धुकं होतं. गुरुवारी खुशबूनं उठवलं तर म्हणाली, आज अंग जड वाटते. मी चिडले. रोज सकाळी तिच्या ओसरीत उभी राहून मी भाषण द्यायचे आणि भाषण झालं की चहा पिऊन घरी यायचे. एकदा ती शांतपणे म्हणाली, "राखी, आळस तर हायच. पण मले लाज वाटते व. इतकं मोठं अंग घेऊन मी लोकांसामोर कशी चालू?"

मी म्हटलं, लोकांना काय पडलंय. केवढं खोटं बोलले मी. आमच्या गावात लोकांना दुसरं काय पडलेलं असतं?

शेवटी एका सकाळी ती निघाली. पायात लिलाधरचे जुने बूट, अंगावर लुगडं, वर स्वेटर. पानठेल्यापाशी शेकोटीला चार जण बसले होते. त्यांत घनश्यामभाऊ होते, गावचे मोठे कास्तकार. धानाच्या बांधीत काम करायला त्यांना माणसं लागतात, पण बोलायला कोणी लागत नाही, एकटेच सगळ्यांचं बोलतात. ते म्हणाले की बाजूले सरका रे, हिरोईन धावायले निघाली, रस्ता फुटल. सगळे हसले. त्यांचा मुलगा प्रितम तर मोबाइल काढून उभा राहिला. मावशी जिथं होती तिथंच थांबली, बुटांकडे पाहिलं आणि मागे फिरली.

मी तेव्हा वीस पावलांवर हापशीवर होते. गुंडी भरली होती, तरी मी दांडा मारत राहिले, पाणी वाहून जाऊ दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. घनश्यामभाऊंच्या घरचं धान अंगणवाडीच्या कार्यक्रमाला येतं ना! म्हणून गप्प. आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

आठ दिवस मावशी दाराबाहेर आली नाही. मलाही तिच्याकडे जायचं तोंड नव्हतं. नवव्या दिवशी पहाट फुटता फुटता पाहते तर ती चालली आहे. अनवाणी, लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तिची जुनी टोपली आणि टोपलीवर ओलं फडकं. पानठेल्यावरच्या एकानंही मान वर केली नाही. मासे विकणारी बाई मासे विकायला चालली, त्यात काय पाहायचं? ती अड्याळच्या रस्त्याला नाल्याच्या पुलापर्यंत गेली आणि तासाभरानं परत आली. मी विचारलं, लिलाधरच्या गाडीचं काय झालं. तिनं मला घरात नेऊन फडकं वर केलं. टोपलीत एक दगड होता, टोपली वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेला.

आम्ही दोघी खूप हसलो. पण रात्री ते आठवलं आणि मला हसू येईना. रोगासाठी चालायचं तर या बाईनं डोक्यावर दगड घ्यायचा?

तिचा आळस मात्र टोपलीनं पळवला. टोपली डोक्यावर चढली की पाय आपोआप बाजाराची चाल धरायचे, ती जुनी, अर्धी चालण्याची अर्धी धावण्याची. आता खुशबूला उठवावं लागत नव्हतं. पुलापासून ती पुढच्या फाट्यापर्यंत जायला लागली. कोणी मासे मागितले तर सांगायची, सगळे बोलीचे आहेत, आधीच ठरलेले. महिन्याभरानं साखर तपासली तर दोनशे साठ आली. मावशीनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला.

मग तो दिवस आला. धान विकून झालं होतं, सोयरिकींचे दिवस होते. घनश्यामभाऊ प्रितमसाठी मुलगी पाहायला पवनीकडे निघाले होते. नवा शर्ट, मागे प्रितम, आणि समोरून मासोळ्यांची टोपली घेतलेली बाई. आमच्याकडे कामाला निघताना मासोळी दिसली तर काम झालंच म्हणतात. भाऊंनी गाडी थांबवली. मावशीला म्हणाले, फडकं काढ, मासोळीचं तोंड पाहू दे. ती म्हणाली, सगळे बोलीचे आहेत. ते म्हणाले, घ्यायचे नाहीत, पाहायचे आहेत. ती सरकून जायला लागली तेव्हा भाऊंनी स्वतःच हात वर करून फडकं ओढलं. टोपली कलली, आत दगड.

मुलीकडच्यांनी संध्याकाळपर्यंत नकार कळवला. कारणही सांगितलं, मुलगा काय करते ते आम्हाले समजलं नाही. ते तर आम्हालाही अजून समजलेलं नाही. प्रितम सकाळी पानठेल्यावर असतो, दुपारी जेवायला घरी जातो आणि पुन्हा पानठेल्यावर येतो. पण घनश्यामभाऊंना कारण सापडलं होतं. दिवे लागायच्या वेळी ते चार माणसं घेऊन देवकामावशीच्या अंगणात आले. म्हणाले की रिकामी टोपली आणि त्यात दगड घेऊन ही बाई रोज लोकांना सामोरी येते, ही काय करणी आहे ते तिनं सांगावं. लिलाधर मान खाली घालून उभा होता. सारा मोहल्ला जमला.

मावशी आतून आली. अंधुक दिसतं म्हणून भिंतीला हात धरत आली, आणि आवाज कुठून येतो तिकडे तोंड करून उभी राहिली.

"भाऊ, तीस वर्षं भरली टोपली घेऊन चालली, तेव्हा कोणी नाही हासलं. खाली हातानं निघाली त तुम्ही हासले. म्हणून रिकामी टोपली घेतली. आता तेही तुमच्या पोराले बाधते म्हणता. त मी चालू कशी, ते तुम्हीच सांगा."

भाऊ म्हणाले, "पण तुले या वयात चालायचं होय कायले? घरी बसून राह्य."

"मले दिसत नाही म्हणून," मावशी म्हणाली. "साखर उतरल तवा डॉक्टर डोळा करते. मले जाळं सांधायचं हाय. तुमच्या पोराचं लगन मोडायले मी कायले उठू पहाटे? मले माह्या कामातून फुरसत नाही."

मग माझा आवाज मलाच ऐकू आला. मी म्हणाले की हिला चालायला मी सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं, आणि हिला हसणारे तुम्ही होतात हे मी हापशीवरून पाहिलं आहे. करणीची गोष्ट पुन्हा काढली तर मी स्वतः ठाण्यात जाऊन सांगेन, मग अंगणवाडीला धान आलं नाही तरी चालेल. घनश्यामभाऊ पुटपुटत गेले, त्यांची माणसं त्यांच्या आधीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी मावशीनं टोपली खुंटीला टांगली आणि रिकाम्या हातानं निघाली. मीही निघाले. तिला सोबत म्हणून निघाले असं लोक समजतात, पण मी माझी लाज घालवायला निघाले होते. आणि मला धाप लागली, ती नाल्याच्या अलीकडेच. पंचावन्न वर्षांची बाई पुढे आणि तिला दोन महिने भाषण देणारी मी मागे. पानठेल्यापाशी तिची मान खाली जायची, हात पदर शोधायचे, रिकामे हात कुठं ठेवावे हे तिला सुचत नव्हतं. चार दिवस ती माझा हात धरून तिथून गेली. पाचव्या दिवशी सोडला.

शिवरात्रीनंतर साखर एकशे शहाऐंशी आली. डॉक्टरनं एक डोळा केला. पट्टी निघाल्यावर तिनं घरी येऊन आधी जाळं मागितलं, उन्हात धरलं आणि खुशबूच्या गाठींतल्या दोन सैल गाठी काढून दाखवल्या. खुशबू हसली, मग रडली.

चैत्रात घनश्यामभाऊंनी प्रितमसाठी दुसरी मुलगी शोधली. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांची बायको शकुबाई पदराखाली काहीतरी लपवून मावशीकडे आली. ताटात मरळ मासोळी होती, चांगली हातभर. शकुबाई म्हणाली की हे उद्या टोपलीत टाकून यांच्या सामोर येजो, मागचं सारं सोड. बिचारी ओशाळली होती, तिच्यावर मी काय रागवू? पण त्या माणसाच्या हिमतीला काय म्हणावं. ज्या बाईला हसला, जिच्यावर करणीचा आळ घातला, तिच्याच डोक्यावर त्याला आता स्वतःचा शकुन वाहून पाहिजे होता.

मावशीनं ताट दारात, उजेडात नेलं. माशाचा डोळा नीट पाहिला, कल्ला उचलून पाहिला आणि ताट परत केलं. "कालची होय व शकुबाई. डोळा बसला. शिळी मासोळी मी तीस वर्षांत कधी डोक्यावर नाही घेतली."

सकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या निघालो. पानठेल्यापुढे घनश्यामभाऊ गाडी चालू करून उभे होते, मागे प्रितम. त्यांनी आधी मावशीच्या डोक्याकडे पाहिलं, मग हातांकडे. दोन्ही रिकामे. गाडी त्यांनी बंद केली, रिकामं सामोरं येणं अपशकुनाचं म्हणून मावशी वळून जाईल याची वाट पाहिली. ती वळली नाही. तेव्हा जवळजवळ विनवल्यासारखं विचारलं, "कुठं चालली, देवकाबाई?"

मावशीनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. आता तिला पाहता येत होतं.

"कुठंच नाही," ती म्हणाली, आणि त्यांच्या गाडीपुढून चालत गेली.