पनवेलचा ठिपका

माणसं बढतीसाठी झुरतात, मुलीच्या लग्नासाठी झुरतात. माझ्या मावशीचे यजमान एका ठिपक्यासाठी झुरत. नव्वद सालाच्या आसपास मुंबईची नोकरी संपवून ते पनवेलला आले, तेव्हा सोबत प्राण्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. गोड्या पाण्यातलं मऊ पाठीचं कासव कुठे कुठे आढळतं, याचा त्यात नकाशा होता. घाटावर ठिपके, गुजरातेत ठिपके, आणि पनवेलच्या जागी कोरा कागद! काकांना हा साऱ्या गावाचा अपमान वाटे. लग्नाच्या पंगतीतही ते शेजारच्याला विचारत, "तुमच्याकडे तळं आहे का हो?" तो बिचारा हो म्हणाला, की त्याचा वरणभात थंड झालाच म्हणून समजा.

तशी कासवं मिळत. शिरढोणला एका विहिरीत चांगलं ताटाएवढं निघालं आणि काका आनंदाने पायरीवरून घसरून कमरेपर्यंत भिजले. तेवढ्यात घरमालक म्हणाला, "पाणी साफ राहावं म्हणून मेव्हण्याकडून आणलंय." काकांचा चेहरा उतरला. "विहिरीतलं कासव म्हणजे पाहुणा," ते मला म्हणाले. "पाहुण्याचं नाव रेशनकार्डावर चढवतात का? आपल्या पायांनी आलेलं हवं!"

शेवटी सगळी आशा रोडपालीच्या तळ्यावर येऊन ठेपली. कळंबोलीकडून तळी बुजवत भरावाचे ट्रक सरकत होते, म्हणून काका रोज सकाळी डोक्याला ओला पंचा गुंडाळून काठावर बसत. मावशीकडे मासे घेऊन येणारी हिराबाई तिथलीच. ती एका सकाळी टोपलीशिवायच धावत आली. "काका, चला लवकर! आमचे तलावान कासव हाय!"

मी स्कूटर काढली. काठावर अर्धा गाव जमला होता आणि चिखलात खरोखरच कासव बसलं होतं. काका गुडघाभर चिखलात उतरले, वाकले आणि तसेच थांबले. मीही डोकावलो. कासवाच्या पाठीवर हळदकुंकू होतं, अगदी ताजं. गावकऱ्यांनीच काकांसाठी कुठूनतरी आणून, रीतसर पूजा करून त्याला पाण्यात सोडलं होतं.

"आपलाच हाय ना, काका?" हिराबाईने विचारलं. काकांनी अंगठ्याने ते कुंकू हळूच पुसलं आणि हात उंचावून ओरडले, "रोडपालीचंच आहे! पडला आपला ठिपका!" मग काय, टाळ्या काय, चहा काय, हिराबाईने तर फेर धरला.

परतताना मागच्या सीटवर काका इतके हसत होते, की मला स्कूटर सावरेना. "कुंकू लावलेलं कासव रे! कुठल्या शास्त्रात बसवू?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "आता तिथे खरं निघालं, तरी ते हे सोडलेलंच नाही, असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही." पुढे तळ्यात भराव पडला. पुस्तकवाल्यांना काकांनी काहीच कळवलं नाही आणि ठिपका पडलाच नाही, हे गावात शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटतो.

काका गेले तेव्हा हिराबाई भेटायला आली. दारातच रडली, पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "काकांचे पुस्तकान आमचा गाव हाय ना रं?"

"आहे," मी म्हटलं. "सगळ्यांत मोठा ठिपका आहे."