फक्त ओठ हलवा

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्याची माफी असावी. अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं आहे. चौथीपर्यंत शिकले, शेवगावला मामाकडे राहून. पाचवीत जायच्या वेळी आईनं तमाशाच्या फडावर नेलं. हे कुणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. बोलायला गेले की माझी जीभ अडते. स्टेजवर कधी अडली नाही. चारचौघांत अडते.

राहुरीच्या बाजूला एका बागायतदाराच्या बंगल्यात मालिकेचं शूटिंग होतं. मला आत्याबाईचं काम दिलं होतं. माझा पहिलाच दिवस. दिग्दर्शकांना सगळे नुसतं सर म्हणत. सर "ॲक्शन" म्हणाले. मी चपला बाजूला काढल्या, खाली वाकले, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मग कॅमेऱ्याकडं तोंड करून हात जोडले आणि माझं वाक्य म्हटलं. मोठ्यानं. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

आधी दिवेवाले हसले. मग हिरोईनचं काम करणाऱ्या मॅडम पोट धरून पायरीवर बसल्या. मग सगळेच. सर हसले नाहीत. ते म्हणाले,

"बाई, तो कॅमेरा आहे. देव नाही. आणि आम्ही बहिरे नाही."

फडावर असंच असतं. स्टेजला पाया पडल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. पब्लिकला हात जोडल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, नवऱ्याशी भांडायचं असलं तरी तोंड पब्लिककडं. सगळं आयुष्य तसंच केलं. इथं तसं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नाही. प्रॉडक्शनचा नितीन म्हणून पोरगा होता, गाड्या, जेवण, पैसे बघणारा. त्यानं ते मोबाईलवर घेतलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी बघितलं. मी ताट घेऊन चालले तर एक ड्रायव्हर, ज्याला मी ओळखतही नव्हते, हात जोडून म्हणाला, "मावशी, दर्शन द्या."

मी हसले. हसून घ्यायची सवय आहे.

सरांनी मला एका जत्रेत वगात बघितलं होतं. त्यांच्या घरात तीन पिढ्या मास्तर. नगरला त्यांनी नाटकं बसवलेली. त्या दिवशी ते स्टेजच्या मागं आले, माझी हनुवटी बोटानं वर केली आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले की चेहरा अस्सल आहे. बाजारात गाईचे दात बघावेत तसं. तरी मला आनंद झाला होता. फड आता राहिलेत किती? जे आहेत त्यांना गाणी पाहिजेत, नाच पाहिजे. वग बघायला लोक थांबत नाहीत. मी तर कधी नाचलेच नाही. माझं काम बोलण्याचं. सासू, पाटलीण, राणीची दासी, वेडी म्हातारी. माझ्या आईचंही तेच. लोक आमच्याकडं बघायला नाही, आम्हाला ऐकायला बसायचे.

मी शिकले. आवाज खाली आणला. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला लागले. कॅमेरा नाहीच असं धरून चालायला लागले. सर एकदा "गुड" म्हणाले. तो शब्द मी रात्री आईला फोनवर सांगितला.

बंगल्याच्या मालकिणीला कळलं की मी फडावरची आहे. मग माझा चहा पडवीत यायला लागला, बाकीच्यांचा आत. मालक एका संध्याकाळी खुर्चीत पाय पसरून बसले होते. म्हणाले, "होऊन जाऊ द्या की एखादी. आमी काय तिकीट काढावं काय?" नितीन हसला. मी खाली बघत उभी राहिले. वगात मी राजाला भर दरबारात शिव्या घातल्यात. तिथं मला नुसतं 'नाही' म्हणता आलं नाही.

तरी मी टिकून राहिले. टीव्हीवर दिसण्यासाठी नाही. आईसाठी. आईचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेत. तिनं मला स्टेजवर शेवटचं बघितलं त्याला खूप वर्षं झाली. पण कान शाबूत. मी घरात तांब्या कुठं ठेवला ते तिला आवाजावरून कळतं. मी तिला म्हटलं होतं, आता तू घरबसल्या मला ऐकशील.

मी टीव्हीवर येणार होते त्या दिवशी शेजारच्या बाया आल्या. पोरं आली. आईला टीव्हीपुढं बसवलं, अगदी जवळ, पदर कानामागं सारून. सगळे गप्प. मी पडद्यावर आले. हिरवं लुगडं, आडवं कुंकू. पोरं ओरडली. मग पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि त्यातनं दुसरीच बाई बोलायला लागली.

गोड आवाज. शहरातली बाई गावचं बोलण्याचा प्रयत्न करते तसा. वाक्यं माझीच, ओठ माझे, आवाज तिचा. मॅडमचा आवाज मॅडमचाच होता. घरगड्याचं काम करणाऱ्याचाही त्याचाच होता. फक्त माझा काढला होता.

शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, काहीतरी बिघाड असंल. भाग संपला. जाहिरात लागली. आई तशीच कान देऊन बसलेली.

"तुजं कवा येतंय गं?"

"आलते आई. गेले."

आईनं पदर परत डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "मग ती बाई कोन हुती?"

मी बाहेर जाऊन भांडी घासत बसले. भांडी सकाळीच घासून झाली होती.

नितीनला फोन केला. तो म्हणाला, मावशी, टेक्निकल असतं ते, तुम्हाला नाही कळायचं, पैसे मिळाले ना. पैसे मिळाले होते. पुढच्या शूटिंगची उचलही आली होती आणि त्यातून घरावर पत्रे टाकून झाले होते. उचल म्हणजे काय ते फडावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मालकाची उचल घेतली की फिटेपर्यंत माणूस मालकाचा. ताप असो, घरी मयत असो, तंबूत हजर. माझी आई अशीच राबली. मीही. म्हणून मी मुकाट्यानं बॅग भरली आणि दुसऱ्या शूटिंगला गेले. जाताना ठरवलं होतं, सरांना एकदा विचारायचं. हात जोडून विचारायचं.

विचारलं. सर कागद बघत होते. मान वर न करता म्हणाले,

"चेहरा तुमचा अस्सल आहे बाई. आवाज मात्र लोकांच्या दिवाणखान्यात नाही चालत. कानाला लागतो."

मालिका गावची. बंगला गावचा. आत्याबाई गावची. आणि आवाज गावचा चालत नाही. मी हे म्हटलं नाही. मनात आलं, तोंडातून आलं नाही. मी "बरं" म्हणाले आणि लुगडं नेसायला गेले.

त्या दिवशी मयताचा सीन होता. आत्याबाईचा भाऊ गेलेला. तिनं प्रेतावर पडून रडायचं, हेल काढून, एकेक आठवण सांगत. हे काम मला आईनं शिकवलंय. नुसतं रडायचं नाही, रडता रडता गेलेल्या माणसाला जाब विचारायचा, मला सोडून कुठं निघालास म्हणून. वगात मी हे करायचे तेव्हा गावातल्या बाया पदर तोंडाला लावून उठून जायच्या. मी सकाळपासून मनात शब्द जुळवत होते. त्यात माझा स्वतःचा भाऊ होता, तो खरंच गेलेला.

सर जवळ आले. खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं म्हणाले,

"ताण घेऊ नका. गळा खराब करू नका. फक्त ओठ हलवा. रडणं आपण नंतर पुण्याला करून घेऊ."

पुण्याला करून घेऊ. माझ्या भावाचं रडणं.

पुन्हा "ॲक्शन" झालं. मी प्रेताजवळ बसले आणि तोंड मिटून घेतलं. दातावर दात. सर म्हणाले, ओठ हलवा. मी हलवले नाहीत. त्यांना वाटलं विसरले. परत घेतलं. परत तेच. प्रेत झालेला माणूस डोळे उघडून माझ्याकडं बघायला लागला. मॅडम घड्याळ बघायला लागल्या. सर खुर्चीतून उठले.

"काय झालं बाई? ओठ का हलत नाहीत?"

या वेळी जीभ अडली नाही. चारचौघांत पहिल्यांदाच.

"आवाज ठेवायचा नसंल, तर तोंडबी न्यायचं न्हाई."

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, या जिल्ह्यात तुम्हाला परत काम मिळणार नाही. मी म्हटलं, बरं. हे 'बरं' वेगळं होतं. त्यांचं लुगडं काढून घडी घातली, माझं नेसले. फाटकापर्यंत नितीन मागं आला. म्हणाला, मावशी, उचल घेतलीय, विसरलात काय? मी विसरले नव्हते. रस्त्यानं येताना दुसरं काही डोक्यात नव्हतं.

मग त्यांची अडचण झाली. आत्याबाई लोकांनी बघितलेली. एकदम गायब कशी करायची? म्हणून तिला मारायचं ठरलं. नितीनचा फोन आला. आता आवाजात साखर.

"मावशी, एकच दिवस या. फक्त पडून राहायचं. मेलेल्या बाईला कुटं बोलायचं असतं? तुमचा राग बी राहील, आमचं काम बी हुईल. उचल सोडून देऊ सगळी."

खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. वर पत्रे होते, ते त्यांच्या पैशाचे. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. दिवसभर डोळे मिटून पडायचं आणि मोकळं व्हायचं. मी दोन रात्री तळमळले. उठायचे, पाणी प्यायचे, परत पडायचे. आईला सांगितलं. ती म्हणाली, तुझं तू बघ, मी असले सौदे आयुष्यभर केलेत. एवढंच. चांगलं वाईट काही म्हणाली नाही. त्याच रागानं मला झोप लागेना.

मग मला दिसलं. पहिल्या वेळी त्यांनी नुसता आवाज काढून घेतला. आता म्हणतात, श्वासही दिसू देऊ नको. आणि ह्याला ते उचल फिटली म्हणणार. तशी फिटली असती तर मी जन्मभर त्यांचीच राहिले असते, पत्र्याखाली, गप्प.

सकाळी फोन करून सांगितलं, मरायला येणार नाही. पैसे देते.

नितीन हसला. म्हणाला, कुठून देणार?

कांद्यातून. शेवगावच्या बाजूला उन्हाळी कांदा निघत होता. मी बायांच्या टोळीत उक्त्या कामाला गेले. दिवसभर उकिडवं बसून पात कापायची. विळ्यानं बोटं सोलून निघतात, वासानं डोळे चुरचुरतात. पहिल्या दिवशी बाया कुजबुजल्या, ही टीव्हीवाली. एकीनं विचारलं, टीव्हीत तू येगळीच बोलतीस गं? मी सांगितलं, ती मी नव्हे, तो माझा आवाज नव्हे. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग काम करता करता त्यांना वगातली सासू करून दाखवली. मुकादम बांधावरून ओरडला, तमाशा लावलाय काय? मी म्हटलं, व्हय. आन् हातबी चालत्यात, बघा.

आठवड्याच्या बाजाराला मजुरी मिळायची. मीठ-मिरचीपुरतं ठेवून बाकी नितीनला पाठवायचे. तो दर वेळी म्हणायचा, राहू द्या आता उरलेले, सर विसरले सुद्धा. मी नाही सोडलं. सूट घेतली असती तर ती त्यांची मेहेरबानी झाली असती.

मालिकेत आत्याबाई काशीला गेली म्हणे. जाऊ दे. ती माझी नव्हती.

उद्या कुणी बोलावलं तर मी जाईन. आधी विचारीन, आवाज कुणाचा. माझा म्हणाले तर उभी राहीन. नाही म्हणाले तर त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही, आणि एक रुपया आगाऊ घेणार नाही. कुणाकडूनच नाही. हे मी आता तोंडानं सांगते, कुणी विचारो न विचारो.

काल बाजारातून शेवटचे पैसे पाठवले. नितीनला फोन लावला आणि त्याच्या तोंडून वदवून घेतलं की काही बाकी नाही. त्यानं दोनदा पुटपुटलं. मी म्हटलं, मोठ्यानं बोल. मग तो मोठ्यानं म्हणाला, फिटले मावशी, सगळे फिटले.