पडद्याच्या अलीकडे

आमच्या कोकणी जमातीचा परळला हॉल आहे. मधोमध पडदा. पलीकडे पुरुष बोलतात, अलीकडे आम्ही बायका ऐकतो. जन्मभर नुसतं ऐकल्यावर किस्से साचणार नाहीत तर काय होणार!

एकदा ‘इस्लाममधले स्त्रियांचे हक्क’ यावर भाषण ठेवलं. माईक तिकडे, कूलर तिकडे, आणि ज्यांचे हक्क त्या इकडे घामाघूम. मौलाना म्हणाले, “चौदाशे वर्षांपूर्वीच आपण बाईला सगळे हक्क दिलेत.”

मी पडद्याआडून विचारलं, “दिलेत ना? मग वाटेत कुणी ठेवून घेतले?”

मग माझा थोरला भाऊ हनीफभाई, जमातीचा सेक्रेटरी, खाकरला. “बायकांकडे चहा पाठवा रे.”

हा हनीफभाई म्हणजे नमुना आहे. आमचे अब्बा गेले तेव्हा गावच्या घरात मी माझा हिस्सा मागितला. कुराणात मुलीचा हिस्सा स्पष्ट सांगितलाय. हा म्हणतो, “मजहब आपल्या जागी. बहिणीने हक्क सोडायचा, हा आपला रिवाज आहे.”

पुढे त्याची मुलगी रुबिना नर्स झाली, नाइट ड्युटी लागली. त्याने अडवून बघितलं. मी म्हटलं, “अरे, आपल्या गावात बायका पहाटे अंधारात शेतावर जायच्या. रिवाजच आहे तो.”

“रिवाज काय घेऊन बसलीस? मजहब बघ!”

बायपासनंतर मात्र हा तिच्याच वॉर्डात पडून होता. रात्रभर बेल वाजवायचा, “रुबिना, उशी नीट कर.” तेव्हा नाइट ड्युटी चालली. मला तर नुसती तिडीक येते.

तिचं लग्न ठरलं ते नोकरी चालू राहील या बोलीवर. निकाहच्या दिवशी, ह्याच हॉलमध्ये, होणारी सासू सगळ्यांदेखत म्हणाली, “उद्यापासून ड्युटी बंद हां.” रुबिनाने बापाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, “आत्ता गप्प बस. मेहमान आलेत.”

थोड्या वेळाने हाच दोन गवाह घेऊन अलीकडे आला, मुलीची संमती घ्यायला. विचारलं. रुबिना गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. पलीकडून काझी म्हणाले, “काय झालं?”

“लाजतेय,” हनीफभाई म्हणाला. “कुंवाऱ्या मुलीची चुप्पी म्हणजे होकारच.” आणि निघाला.

रुबिनाने तोंडावरची ओढणी मागे टाकली. “लाजत नाहीये, अब्बा. विचार करतेय.”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “फुफी, पलीकडे चहा पाठव.”