चार गिअर मागे, एक पुढे

बावन्नाव्या वर्षी माणसं गुडघे सांभाळतात. मी गुडघ्याएवढ्या उंचीची गाडी विकत घेतली.

मी आर्णीच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ही गाडी यवतमाळच्या एका डॉक्टरांची. दोन सिटा, टप नाही, इंजिन मागे आणि अंगावर पत्रा म्हणून नाहीच, सगळी बॉडी फायबरची. कॉलेजात असताना मी तिला यवतमाळच्या रस्त्यावरून भुर्रकन जाताना एकदाच पाहिलं होतं. पुढे डॉक्टर वारले, गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली, आणि त्यांच्या पत्नीला ती जागा गुलाबाच्या कुंड्यांसाठी हवी झाली. मी तिला टेम्पोत घालून घरी आणलं. बायको अंगणात आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "टब तर चांगला हाय. याचा नळ कुठी हाय?"

गाडीचं नाक डावीकडून फुटलेलं होतं. ते मी स्वतःच दुरुस्त करायचं ठरवलं. फायबरचं काम म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई लावायची, तिच्यावर रेझिनचा चिकट द्रव फासायचा, आणि तो घट्ट व्हावा म्हणून त्यात आधी थोडंसं हार्डनर मिसळायचं. दुकानदाराने "थोडंसं" दोनदा सांगितलं होतं. पण मी फिजिक्सचा माणूस. जास्त टाकलं तर लवकर होईल, असा साधा हिशेब मी केला, आणि तो बरोबर निघाला. इतकं लवकर झालं की ब्रश डब्यातच उभा राहिला. मग डब्यातून धूर निघायला लागला. मी डबा उचलून नळाकडे पळालो, तेवढ्यात तो माझ्या बाहीला चिकटला. बायकोने कात्री आणून बाही कापली. कापलेला तुकडा तिने फडक्यांच्या डब्यात टाकला.

दारव्ह्याला एक बाई दुर्गोत्सवासाठी फायबरचे सिंह घडवते, असं कळलं. तिला मी मोबाईलवर नाकाचा फोटो दाखवला.

"सर, याचा जबडा कोनं मोडला?"

"तो आधीपासून मोडलेला होता."

"आन् हे वरचं गुमडं?"

"ते मी केलं."

तिने हसू पदराआड केलं आणि यायचं कबूल केलं. पहिला अख्खा दिवस तिचा माझं काम घासून काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी तिने मलाही एक छोटा रोलर हातात दिला. "दाबून फिरवा सर. आत हवा राहू देऊ नका. हवा राह्यली का चामडी सुटते." ती बोटांनी चटई अशी बसवायची की जणू आत खरंच गाल आहे, हाड आहे. नाक सुरेख झालं. फक्त डाव्या दिव्यावरची कड, जी तिने माझ्या हातून करून घेतली, ती जरा वर उचललेली राहिली. त्यामुळे गाडी समोरच्या माणसाकडे कायम संशयाने बघते.

यानंतर गिअरबॉक्स. जुन्याचे दाते झिजून गुळगुळीत झालेले आणि पार्ट कुठेच मिळेना. आर्णीत एक चाचा आहेत. वणीला कोळशाच्या ट्रकांचे गिअरबॉक्स उघडण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली, आता घराशेजारीच टिनाच्या शेडमध्ये काम करतात. त्यांनी भंगारातल्या एका छोट्या कारचा बॉक्स शोधून काढला, स्वच्छ धुतला आणि मला बोलावलं.

"सर, हा ज्या गाडीतला हाय, तिचं इंजिन चाकाच्या पुढं होतं. तुमचं मांगं हाय. म्हणजे समदंच फिरवून बसवा लागन, आन् मंग चाकं उलटे फिरतीन. आतलं हे मोठं दात्याचं चक्कर या बाजूचं काढून त्या बाजूले टाका लागन."

मी खिशातून पेन काढलं. चाचांच्या स्टुलावर कागद ठेवून इंजिन काढलं, बॉक्स काढला, बाणावर बाण काढले. "चाचा, इंजिनही फिरलं आणि बॉक्सही फिरला. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. चक्कराला हात लावायची गरज नाही."

चाचांनी चष्मा पुसून कागद बराच वेळ पाहिला. "बरं सर," म्हणाले. मला वाटलं, मी जिंकलो.

गाडी उभी झाली त्या रविवारी मी सगळ्या स्टाफला आणि चाचांना जिनिंग मिलच्या आवारात बोलावलं. तिथे मोकळी जागा होती. एका बाजूला कापसाची गंजी लावलेली होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. ती माझ्या पाठीमागे होती. पुढच्या चाकांसमोर लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी शक्ती आणि गती यांच्यावर चार शब्दही बोललो. मग पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे निघाली.

मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला. म्हणून दुसरा टाकला. गाडी जास्त जोरात मागे निघाली. ब्रेक आठवेपर्यंत गाडी आणि मी गंजीत शिरलो होतो. माझ्या तोंडात, कानात, चष्म्याच्या आत कापूस. पुढे लिंबं होती तिथेच होती.

"सर, रिव्हर्स टाकून पाहा!" कोणीतरी ओरडलं. मी टाकला. गाडी गंजीतून सरळ, झोकात पुढे आली. टाळ्या पडल्या. अशा रीतीने माझ्याजवळ चार गिअर मागे जायला आणि एक पुढे जायला अशी गाडी होती.

सगळे हसून गेल्यावर मी चाचांजवळ बसलो. "चाचा, तुम्हाले माहीत होतं. मग मले अडवलं काहून नाई?"

"माहीत नवतं सर, वाटत होतं. तुमी तर कागदावर काढून दाखवलं. मी चौथीत शाळा सोडली. म्हटलं, माहाच अंदाज चुकला असन. दोन दिवस जेवन गोड लागलं नाई मले. पंचवीस साल मी उलटंच समजून राह्यलो का काय, हेच डोक्यात."

स्टाफ हसला तेव्हा मीही हसलो होतो. आता मात्र मान वर होईना. तीस वर्षं मी खडूच्या जोरावर किती जणांना असं गप्प बसवलं असेल, ते मोजायची हिंमत झाली नाही. "चूक माही होती, चाचा," एवढंच म्हणालो.

"त कागद आना," ते म्हणाले. "चूक कुठी हाय ते मले पाहाचं हाय."

आम्ही दोघांनी मिळून ती शोधली. इंजिन आणि बॉक्स एकमेकांना जोडलेले, म्हणजे फिरणं एकदाच. मी ते दोनदा धरलं होतं. चाचांनी त्या बाणावर ग्रीसचं बोट ठेवलं आणि समाधानाने मान हलवली. पुढचे आठ दिवस कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या शेडमध्ये. प्रत्येक बोल्ट त्यांनी माझ्याकडूनच उघडून घेतला. चक्कर या बाजूचं त्या बाजूला गेलं, आणि गाडी पुढे चालायला लागली.

पहिल्या खऱ्या फेरीला बायको आली, डोक्याला रुमाल बांधून. यवतमाळ रोडवर हवा छान लागत होती, तेवढ्यात पहिला गतिरोधक आला. दोघांच्या वजनाने गाडीचं पोट खरडलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती उतरली, चालत गतिरोधकापलीकडे गेली आणि परत बसली. पुढच्या गावात तीन होते. तूर घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरवाल्याने थांबून तिला विचारलं, "ताई, सोडून देऊ का कुठी?"

चौथ्या गतिरोधकाशी ती उतरलीच नाही. किल्लीसाठी हात पुढे करून म्हणाली, "आता तुम्ही उतरा. तुमचंच वजन जास्त हाय."

मी उतरलो. तिने पहिला गिअर टाकला, तिरकी घेऊन एकेक चाक अलगद गतिरोधकावरून काढलं, आणि पोट खरडल्याचा आवाजही आला नाही. पलीकडे ती थांबेल असं मला वाटलं होतं. तिने दुसरा टाकला, मग तिसरा. मी रस्त्याच्या कडेने चालायला लागलो.